बारीक पट्टीची हरकत

आजच्या या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक. त्यांच्या शेजारी बसलेले मांडणी विभागाचे प्रमुख, ज्यांनी मघाशी माझ्या हातात एवढा थोरला पुष्पगुच्छ दिला की क्षणभर मला समोरचं कुणी दिसेनासं झालं. चाचणी विभागातले माझे सोबती. तिसऱ्या रांगेत दाराजवळची जागा धरून, चहा कधी येतो याकडे एक डोळा ठेवून बसलेले आमचे मास्तर. त्यांच्या शेजारी बसलेली माझी थोरली बहीण, जिला मी ताई म्हणते आणि घाबरते. आणि कामं सोडून, किंवा कामं टाळायला म्हणा, इथे जमलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

सत्काराला दोन शब्दांत उत्तर द्या, असं सूत्रसंचालकांनी आत्ताच माझ्या कानात सांगितलं. दोन शब्दांत बोलणारी बाई म्हणून माझी ख्याती असती, तर आज हे सभागृह असं भरलं असतं का? तुम्ही सगळे काय ऐकायला आला आहात, ते मला पक्कं माहीत आहे. तुमचा हिरमोड मी करणार नाही.

अध्यक्षमहाराज, आपण माझ्याबद्दल फार चांगलं बोललात. बोललात म्हणजे समोरच्या लॅपटॉपवरून वाचलंत. वाचता वाचता एका ठिकाणी आपण थांबलात, आठवतंय ना? ‘बाईंच्या जाण्याने आम्हा सर्वांना’ इथवर आलात आणि थबकलात. पुढची ओळ काही केल्या सापडेना. आपण बोटाने पान वर सरकवताय, खाली सरकवताय, आणि सभागृहात सगळे श्वास रोखून. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘आनंद’. तो आवाज मी ओळखला आहे. चहाच्या वेळी बघते त्याच्याकडे. मग आपल्याला ओळ सापडली आणि ‘मोठी पोकळी जाणवेल’ असं आपण वाचलंत, तेव्हा टाळ्याही पडल्या. पण साहेब, ती ओळ का हरवली, हे मला इथे बसल्या बसल्या दिसत होतं. त्याच्याकडे मी परत येणार आहे. तोवर तो लॅपटॉप मिटू नका.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगायला हवं, की मी इतकी वर्षं इथे नेमकं केलं काय. आमच्या नात्यात लग्नकार्य असलं की कुणीतरी विचारतंच, ‘तू नक्की काय करतेस गं?’ आणि मी सांगते, ‘पट्टी बघते.’ मग समोरची मावशी सहानुभूतीने मान हलवते आणि दुसरा विषय काढते. तर मंडळी, आपली संस्था ब्राउझर बनवते. इंटरनेटवरचं काहीही बघायचं तर जी खिडकी उघडावी लागते, ती. त्या खिडकीच्या माथ्यावर एक पट्टी असते. पत्ता लिहायची जागा, मागे-पुढे जायचे बाण, उघडलेल्या पानांचे टॅब, ते बंद करायच्या बारक्या फुल्या, हे सगळं त्या पट्टीत. लोकांना ती दिसतसुद्धा नाही. ते खालचं पान बघायला आलेले असतात. आणि तसंच असायला हवं. माझी सगळी नोकरी त्या पट्टीत गेली, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही की मी समजायचे, आज काम बरं झालं.

पट्टी जाड असावी की बारीक, यावरून या इमारतीत जेवढं भांडण झालं आहे, तेवढं सख्ख्या भावांत शेताच्या बांधावरून होत नसेल. आणि ते भांडण प्रामुख्याने दोघांचं. मी आणि मास्तर. हे पूर्वी टायपिंग शिकवायचे, म्हणून मास्तर. मी बारीक पट्टीची. मास्तर जाड पट्टीचे. आता माझ्याकडे बघा आणि त्यांच्याकडे बघा. आम्ही दोघं भांडत जिन्यावरून उतरायला लागलो की लोक हसत सुटायचे, त्यात त्यांचा दोष नव्हता.

मास्तरांचे हात थरथरतात. पहिल्यापासून नव्हे, मधल्या वयात सुरू झालं ते. ज्या माणसाची बोटं बघून शिकणारे थक्क व्हायचे, त्याच माणसाला टॅबवरची बारकी फुली टिपता येईना. ते एक टॅब बंद करायला जायचे आणि अख्खी खिडकी बंद व्हायची, अर्ध्या लिहिलेल्या अहवालासकट. एकदा माझ्यासमोर असं लागोपाठ झालं. मास्तर शांतपणे उठले, मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, “आता तुम्ही लिहा, मी बंद करतो.” त्या दिवसापासून जाड पट्टीला मी कधी जागेची नासाडी म्हटलं नाही. मोठं बटण हे त्यांच्यासाठी दाराच्या कडीसारखं आहे. कडी हाताला लागली नाही तर माणूस आत कसा जाणार?

पण माझंही खोटं नव्हतं. माझं म्हणणं आलं होतं घरातून. माझी ताई मुद्रितशोधनाचं काम करते. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणारी शेवटची नजर तिची. प्रकाशक पानं पाठवतो, ती ब्राउझरमध्ये उघडते आणि एकेक ओळ चाळणीतून काढावी तशी काढते. तिची नजर गेली काही वर्षं अधू होत चालली आहे. म्हणून ती अक्षरं मोठी करते. मोठी म्हणजे किती? एकेक अक्षर तळहाताएवढं. अक्षर मोठं झालं की पानावर ओळी थोड्या मावतात, हे सांगायला तज्ज्ञ नको. आणि गंमत अशी, की पडद्यावरची अक्षरं मोठी करायला गेलं की त्यांच्याबरोबर ही वरची पट्टीही फुगत जाते. आम्ही ती जेवढी जाड करू, त्याच्या दुप्पट-तिप्पट ती ताईच्या पडद्यावर बसते. ती बारीक असली की ताईला आख्खा परिच्छेद दिसतो. जाड झाली की दोन ओळी.

म्हणजे बघा. मास्तरांचा हात आणि ताईचे डोळे. एकाला जे हवं ते दुसऱ्याला मारक. दोघांचीही गरज खरी. यातून वाट काढायची तर कुणाचं खरं, हा वाद थांबवावा लागतो. तो थांबवायला आम्हाला किती वर्षं लागली हे मी सांगत नाही, ताई हसेल. पण शेवटी आम्ही दोघांनी मिळून एक साधी गोष्ट केली. दोन मांडण्या ठेवल्या. एकीचं नाव ‘ऐसपैस’, दुसरीचं ‘आटोपशीर’. ज्याला जी हवी त्याने ती घ्यावी, आणि घ्यायला कुणाची परवानगी लागू नये. शिवाय बटणं ज्याची त्याने आपल्याला हवी तशी मांडावीत, नको ती काढून ठेवावीत. आपल्या घरात भांडी कुठे लावायची हे शेजारणीने का ठरवायचं?

आणि दुसरी गोष्ट अशी, की चाचणी विभागात दोन खुर्च्या ठेवल्या. एक जाड पट्टीची, एक बारीक पट्टीची. पट्टीत तसूभर बदल करायचा तरी दोन्ही खुर्च्यांचा होकार हवा. आपल्या पट्टीला धक्का लागतो म्हणून एकीने हरकत घेतली, की बदल थांबला. आज नव्याने आलेल्यांना ही पद्धत विचित्र वाटते. बैठकीत कुणीतरी विचारतंच, ‘या दोन खुर्च्या काय भानगड आहे?’ तर तीही सांगून टाकते.

मास्तर एकदा लेकीला परदेशी पोचवायला रजेवर गेले होते. जाण्याआधी त्यांनी एका बदलावर हरकत घेतली होती. फुल्या आणखी बारीक करण्याचा बदल होता तो. मास्तर विमानात बसले आणि इकडे कुणीतरी विचार केला, की ते नाहीत तर त्यांच्या वतीने आपण हरकत मागे घेऊ, परत आल्यावर समजावून सांगू. बदल बाहेर गेला. मास्तर परत आले. ते ओरडले नाहीत. त्यांनी आपली चाकांची खुर्ची ढकलली, तेव्हाच्या विभागप्रमुखांच्या खोलीच्या उंबरठ्यावर आणून ठेवली आणि तिच्यात बसून आपलं काम करू लागले. दार लागेना. आत जायचं तर मास्तरांच्या गुडघ्यावरून. विभागप्रमुखांना भेटायला येणारे बाहेरच्या बाहेर परतू लागले. साहेब बाहेर पडताना रोज म्हणायचे, “मास्तर, जरा सरकता का?” आणि मास्तर म्हणायचे, “सरकतो की. तुम्ही लिहून द्या.”

शेवटी लिहून मिळालं. हरकत ज्याने घेतली, त्यानेच मागे घ्यायची. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीही नाही. त्या नियमावर ज्या विभागप्रमुखांनी सही केली, आणि सही करताना जे मोठ्याने हसले आणि म्हणाले, ‘बरोबर आहे हो तुमचं’, ते आज माझ्या उजव्या हाताला अध्यक्षस्थानी आहेत. साहेब, आपण तेव्हा हसलात म्हणून मी इथे एवढी वर्षं टिकले. हे मी आज मुद्दाम सर्वांसमोर सांगते आहे.

आता अलीकडचं. हे बोलायचं नाही असा मला सकाळपासून प्रेमळ आग्रह होतो आहे. निरोपाच्या दिवशी कडू कशाला, म्हणाले. मी म्हटलं, मग गोड बोलायला दुसऱ्या कुणाला तरी निरोप द्या.

मांडणीप्रमुख साहेबांनी बैठकीत एक आलेख दाखवला. आलेख देखणा होता, त्यांचं सगळंच देखणं असतं, त्यात वाद नाही. त्यात ‘ऐसपैस’ वापरणाऱ्यांचा खांब छताला लागलेला आणि ‘आटोपशीर’चा खांब शोधायला मला चष्मा पुसावा लागला. साहेब म्हणाले, हे फारसं कुणी वापरत नाही. जास्त पर्याय म्हणजे जास्त गोंधळ, प्रत्येक पर्याय सांभाळायला माणसं लागतात, एक मांडणी ठेवू आणि ती उत्तम करू. हे सगळं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पर्याय सांभाळणं कष्टाचं आहे, ते कष्ट आमच्या विभागानेच उपसले आहेत. मी फक्त विचारलं, “साहेब, हे मोजलं कसं?”

मोजलं असं. मागच्या आवृत्तीपासून ब्राउझर लोकांना विचारतो, की तुम्ही काय काय वापरता ते आम्ही मोजू का? ‘हो’ म्हणणाऱ्यांचं मोजायचं, ‘नको’ म्हणणाऱ्यांचं नाही. हे रास्त आहे, सभ्य आहे. पण हा प्रश्न विचारायचा कुठे? तर पानाच्या माथ्यावर, आणखी एका नव्या पट्टीत! आता मला सांगा मंडळी. एकेका ओळीसाठी जीव टाकणारा माणूस, त्याच्या पानावर तुम्ही आणून ठेवलीत एक जाडजूड पट्टी. तो ती वाचत बसेल? ताईने ती आल्या आल्या ‘नको’ दाबून उडवली. मी विचारलं, “वाचलंस तरी का?” ती म्हणाली, “वाचायला जागा ठेवली होती का त्यांनी?” बारीक पट्टीवाले सगळे असेच. मोजणी सुरू व्हायच्या आतच ते तिच्यातून बाहेर पडले, कारण मोजणीनेच त्यांची जागा खाल्ली. आणि आम्ही इथे आलेख लावून म्हणतोय, बघा, कुणी नाही!

शिवाय ‘आटोपशीर’ हा पर्याय आधी समोरच्या मेन्यूत होता. मग नीटनेटकेपणाच्या नावाखाली तो आत गेला, मग आणखी आत गेला. आपणच माळ्यावर टाकायचं आणि मग म्हणायचं की खाली कुणी वापरताना दिसत नाही. ही कुठली रीत?

हे मी बैठकीत बोलले तेव्हा साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “बाई, आमच्याकडे दुसरं मोजमाप नाही.” मला त्यांचा प्रामाणिकपणा आवडला. पण मोजमाप नाही म्हणून माणसं नाहीत, असं कसं होईल? मग शेवटचा मुद्दा आला. साहेब म्हणाले, जाड पट्टी ही सुलभतेसाठी आहे. आपल्या मास्तरांसारख्यांसाठी.

मास्तर बैठकीत होतेच. त्यांनी पेला खाली ठेवला. हाताबरोबर पेला जरा वाजला, तो वाजू दिला. आणि म्हणाले, “माझ्या हाताची ढाल करू नका. मला मोठं बटण मिळालं, मी आभारी आहे. पण बाईंच्या ताईचं पान काढून घेऊन ते मला दिलं असं कुणी म्हणालं, तर मला नको ते बटण. मी घरी जाऊन टाइपरायटर काढीन.” मंडळी, ज्या माणसाशी मी आयुष्यभर भांडले, तो त्या टेबलावर माझ्या बाजूने बोलला. मला रडू आलं. मी ते खोकल्यात घालवलं, पण मास्तरांना कळलंच असणार.

आता मी तुम्हाला घरातली गोष्ट सांगणार आहे. ताईची परवानगी काढली आहे. ती म्हणाली, सांग, पण रडवू नकोस, लोकांना चहा प्यायचा आहे.

नवी आवृत्ती चाचणीसाठी घरी माझ्या यंत्रावर आली होती, आणि ताई तेच यंत्र वापरते. रात्रीतून ते आपोआप बदललं. तिला कुणी सांगितलं नाही, मलाही नाही. सकाळी ती कामाला बसली. मी स्वयंपाकघरात. नेहमी ती काम करताना पुटपुटते, लेखकांना नावं ठेवते, घरात तेवढीच करमणूक असते. त्या दिवशी आतून आवाजच नाही. मी जाऊन बघते तर ती पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेली. पडद्यावर दोन ओळी. वरचं निम्मं पान आमच्या पट्टीने व्यापलेलं.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “गेले गं माझे डोळे. काल एवढं दिसत होतं, आज दिसत नाही.” आणि तेवढ्या वेळात तिने प्रकाशकाला फोनही केला होता. हातातलं पुस्तक पुरं करते, पुढचं पाठवू नका, म्हणून.

तुम्हाला समजतंय का काय झालं? पट्टी आम्ही फुगवली. आणि तिला वाटलं, आपले डोळे गेले. तिला असं नाही वाटलं, की कुणीतरी माझ्या पानावर अतिक्रमण केलंय. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी बाई, आणि तिला आमची चूक दिसली नाही. ती तिने आपल्या अंगावर घेतली. लोक असंच करतात हो. बटण सापडलं नाही की म्हणतात, मी आता म्हातारा झालो. ओळ दिसली नाही की म्हणतात, मला जमत नाही. आणि गुपचूप काम सोडून देतात. त्यांची तक्रार कधी येत नाही. मग आलेखात त्यांचा खांब कसा दिसणार?

मी जुनी आवृत्ती परत बसवली, ‘आटोपशीर’ लावलं. आख्खा परिच्छेद वर आला. ताई पडद्याजवळ गेली, मागे झाली, पुन्हा जवळ गेली. आणि मला म्हणाली, “म्हणजे डोळे आहेत तेवढेच आहेत?”

मी हो म्हटलं. मग ती चिडली. अशी चिडली, की तिने मला स्वयंपाकघरापर्यंत सुनावत आणलं. “तुम्ही लोकांनी मला आंधळी ठरवलं होतंत!” म्हणाली. हे तुमच्यासाठी होतं मंडळी, मी मधल्यामध्ये खाल्लं. प्रकाशकाला तिने पुन्हा फोन केला आणि पुढचं पुस्तक मागून घेतलं.

हे सगळं मी मांडणीप्रमुख साहेबांना सांगितलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं, तोंडदेखलं नव्हे. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “बाई, आपण असं करू. तुम्ही होकार देऊन टाका. तुमच्या ताईंसाठी मी वेगळी आवृत्ती बनवून देतो. त्यांच्या यंत्रावर बारीक पट्टी कायम राहील, मी जातीने लक्ष घालीन.” साहेब, आपण हे मायेने म्हणालात हे मला ठाऊक आहे. म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. आज बोलते. माझ्या बहिणीला मागच्या दाराने आत घ्यायचं आणि बाकीच्यांच्या तोंडावर पुढचं दार लावायचं, याला मी होकार देऊ? त्यांच्या बहिणी इथे नोकरीला नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा? घरी जाऊन ताईला सांगितलं. ती पानावरून नजर न काढता म्हणाली, “त्यांना म्हणावं, मेहरबानीची पट्टी मला नको. सगळ्यांना असेल ती द्या.”

तर आता मुद्द्यावर येते. सूत्रसंचालक घड्याळ बघतायत, बघू द्या त्यांना.

नवी आवृत्ती सोमवारी बाहेर जायची आहे. माझ्या खुर्चीत माझ्यानंतर कुणाला नेमलेलं नाही. आणि असं ठरल्याचं माझ्या कानावर आलं, की खुर्ची रिकामी असली तर तिची हरकत नाही असं धरायचं. म्हणून हा समारंभ आज, आणि आवृत्ती सोमवारी. योगायोग असेल. मी योगायोगांवर फार विश्वास ठेवत नाही, पण पुष्पगुच्छातली फुलं ताजी आहेत, तेव्हा संशयाचा फायदा देते.

पण मंडळी, खुर्ची आज संध्याकाळपर्यंत रिकामी नाही. मी अजून तिच्यात आहे. आणि आज सकाळी, हा पुष्पगुच्छ दुकानातच असताना, मी ‘आटोपशीर’ काढून टाकायच्या बदलावर रीतसर हरकत नोंदवली आहे.

असे वळून एकमेकांकडे बघू नका. यात लपूनछपून काही नाही, म्हणून तर ध्वनिक्षेपकावर सांगतेय. हरकत ज्याने घेतली त्यानेच ती मागे घ्यायची, हा आपला नियम आहे. अध्यक्षसाहेबांच्या सहीचा आहे. आणि संध्याकाळी ऑफिस सुटताना माझा पासवर्ड बंद होतो आहे, तशी चिठ्ठी मला मनुष्यबळ विभागाने अगदी तत्परतेने दिली आहे. त्यानंतर ती हरकत मागे घ्यायची म्हटली, तर ती मागे घेऊ शकणारं माणूस या इमारतीत असणार नाही. ते माणूस घरी ताईच्या समोर बसून चहा पीत असेल.

नियम बदलता येतो का? येतो की. नियम काही दगडावर कोरलेला नाही. संचालक मंडळाने बसावं, नियम मोडीत काढावा. पण तो उघड्यावर काढावा. खाली आपापल्या सह्या कराव्यात आणि वर कारण लिहावं, की अमुक इतक्या माणसांना यापुढे पानं वाचता आली नाहीत तरी चालेल. एवढं लिहायची हिंमत असेल, तर मी हरले. रिकाम्या खुर्चीच्या आडून मात्र मी हे होऊ देणार नाही. आणि मास्तर दाराजवळ उगाच बसलेले नाहीत. त्यांच्या खुर्चीला चाकं आहेत, हे अध्यक्षसाहेबांना चांगलं आठवत असेल.

दुसरा मार्ग सोपा आहे. माझ्या खुर्चीत माणूस बसवा. मला चांदीचं घड्याळ दिलंत, सुंदर आहे, पण त्याऐवजी माणूस दिलात तर मला जास्त आवडेल. असं माणूस, ज्याला बारीक पट्टीची खरोखरी गरज आहे आणि ज्याला ‘नाही’ म्हणताना घाम फुटत नाही. ते येईल, मास्तरांशी भांडेल, आणि दोघांच्या भांडणातून पट्टी जिथे यायची तिथे येईल. मग ते म्हणालं तर तुम्ही माझी हरकत काय, मला स्वतःलाही मोडीत काढा, माझी तक्रार नाही.

आता आभार. मास्तर, तुमच्याशी भांडायला मिळालं म्हणून मी इथे सुखात होते. उद्यापासून कुणाशी भांडू, हा मला खरा प्रश्न पडला आहे. चाचणी विभागातल्या माझ्या सोबत्यांनो, तुम्ही माझा आवाज सहन केलात. मांडणीप्रमुख साहेब, तुमचा माझ्यावर राग असेल, असू द्या, पण ताईने तुम्हाला घरी बोलावलं आहे. तिच्या शेजारी बसून तिला काम करताना एकदा बघा. आलेख घेऊन आलात तरी चालेल, मात्र तो मोठ्या अक्षरात आणा.

बोलण्याच्या भरात कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला टोचलं असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर त्या सगळ्याबद्दल या सभागृहाने मोठ्या मनाने क्षमा करावी. हरकतीबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.

आणि हो, अध्यक्षसाहेब, विसरत होते. मघाशी आपली ती ओळ हरवली होती ना? आपणही भाषण ब्राउझरमध्ये अक्षरं मोठी करून वाचत होता, आणि आपल्या यंत्रावर चाचणीची नवी आवृत्ती आहे. पट्टीने अर्धा पडदा खाल्ला आहे, म्हणून आपलं वाक्य अर्ध्यात तुटलं. आपले डोळे ठीक आहेत. तो लॅपटॉप जरा माझ्याकडे द्या, मी जुनी आवृत्ती घालून पट्टी बारीक करून देते. ती सोय आज आहे.

सोमवारीही असेल.